आयव्हर जॉन्सन ‘सेफ्टी ऑटोमॅटिक’: वारशात आलेलं खिशातलं रिव्हॉल्व्हर, त्याची ओळख आणि खरी किंमत

अमेरिकेत घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर कपाटाच्या तळाशी किंवा जुन्या खोक्यात जे छोटं रिव्हॉल्व्हर सापडतं, ते बहुतेकदा कोल्टसारख्या नामांकित कंपनीचं नसतं. मुठीवर घुबडाचं डोकं, अंगावर निकेलचा मुलामा, वरची खिटी उचलली की नळी खाली कलते आणि गोळ्यांच्या पाच घरांचं सिलिंडर समोर येतं. हे आयव्हर जॉन्सन कंपनीचं ‘सेफ्टी ऑटोमॅटिक’. मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्गच्या कारखान्यातून ते १८९४ ते १९४१ या काळात प्रचंड संख्येने बाहेर पडलं. वारसदाराचे प्रश्न ठरलेले असतात: हे नेमकं काय आहे, किती जुनं आहे, किती पैसे येतील.

निकाल आधीच सांगतो. यंत्र म्हणून हे रिव्हॉल्व्हर त्याच्या किमतीच्या मानाने फारच चांगलं आहे. पैशाच्या दृष्टीने सामान्य आहे. आणि त्याची तीन मॉडेलं आहेत, हे ज्याला माहीत नाही त्याने काढलेली किंमत, कायद्याबद्दलचा अंदाज आणि ‘यातून गोळी झाडता येईल का’ याचं उत्तर, तिन्ही चुकू शकतात.

ओळखीला बसण्याआधी हत्यार रिकामं आहे याची खात्री करावी. घरचे कितीही शपथेवर सांगोत, ते भरलेलं आहे असंच धरायचं. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, नेम धरायच्या मागच्या साइटजवळची खिटी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून वर उचलायची आणि नळी हलकेच खाली कलवायची. कलता कलता सिलिंडरच्या मध्यातून चांदणीसारखी चकती बाहेर येते आणि घरांतल्या पुंगळ्या ढकलून देते. नावातला ‘ऑटोमॅटिक’ एवढ्यापुरताच. गोळ्या आपोआप सुटत नाहीत. गंजामुळे खिटी उचलली जात नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये आणि हातोडी तर नकोच. दोन्ही टोकांना भेदक तेलाचे दोन-तीन थेंब टाकून रात्रभर ठेवावं. तरीही हलली नाही तर हत्यार भरलेलं समजून गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्यावं. जुनी काडतुसं निघाली तर ती स्थानिक पोलिसांकडे नष्ट करण्यासाठी द्यावीत, कचऱ्यात टाकू नयेत.

आता मॉडेल. पहिलं मॉडेल १८९४-९५ चं. त्याची खिटी एकाच खुंटावर बसते. १८९६ पासूनच्या दुसऱ्या मॉडेलात खिटी दोन खुंटांवर, म्हणजे फ्रेमचे (हत्याराच्या मुख्य सांगाड्याचे) दोन कान खिटीतून वर येतात. हे मॉडेल १९०८ पर्यंत चाललं. १९०९ मध्ये आतली रचना बदलून तिसरं मॉडेल आलं आणि तेच शेवटपर्यंत राहिलं. खिटी दुसऱ्यासारखीच असल्यामुळे दुसरं आणि तिसरं बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसतात. गोंधळ होतो तो इथेच, आणि नेमका हाच फरक सगळ्यांत महत्त्वाचा आहे: पहिली दोन मॉडेलं काळ्या दारूच्या काडतुसांसाठी बनली होती, तिसरं धूरविरहित दारूसाठी.

हा फरक तीन ठिकाणी दिसतो. पहिली जागा मूठ. जुन्या दोन मॉडेलांत घुबडाचं तोंड नळीच्या दिशेला असतं, तिसऱ्यात मागच्या बाजूला. पण मुठी बदलता येतात. शंभर वर्षांत एखादी फुटली आणि दुसऱ्या रिव्हॉल्व्हरची लावली, असं अनेकदा झालेलं आहे. म्हणून घुबडावर निकाल देऊ नये.

दुसरी जागा सिलिंडर. त्याच्या बाहेरच्या अंगावर खाचा असतात, त्यांत खालून स्टॉप, म्हणजे सिलिंडर अडवणारा खटका, अडकतो. जुन्या मॉडेलांत खाचेची एक कड उभी आणि दुसरी उताराची असते, त्यामुळे चाप मोकळा असताना सिलिंडर हाताने फिरवता येतं. तिसऱ्या मॉडेलात दोन्ही कडा उभ्या असतात आणि सिलिंडर जागच्या जागी धरलेलं राहतं. जुन्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर असं फिरलं की लोकांना ते मोडलंय असं वाटतं. ते मोडलेलं नसतं, तसंच बनवलेलं असतं.

तिसरी जागा मुठीच्या आत, आणि खरा पुरावा तोच. मुठीचा स्क्रू पाच-सहा फेरे ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही. मग स्क्रूच्या डोक्यावर अंगठ्याने दाबायचं, म्हणजे समोरची मूठ आपोआप सुटते. कडेला पातं घालून उचकलं की कडक रबराचा टवका उडालाच. हे रबर शतकभरात काचेसारखं ठिसूळ होतं आणि टाचेचा कोपरा सगळ्यांत आधी जातो. आत हॅमरला (ठोका देणाऱ्या घोड्याला) जोर देणारी मोठी स्प्रिंग दिसते. पट्टीसारखी चपटी असेल तर मॉडेल काळ्या दारूचं. तारेची वळणाची असेल तर १९०९ किंवा नंतरचं. इथे वाद उरत नाही.

मूठ काढलेलीच आहे तर अनुक्रमांकही तिथेच पाहावा, डाव्या मुठीखालच्या फ्रेमवर. अंकाच्या आधी अक्षर असेल तर तेही टिपावं. अक्षर सोडून नुसता आकडा लिहून आणला की तारीख लागत नाही, कारण आकड्यांची माळ वेगवेगळ्या अक्षरांनिशी पुन्हा पुन्हा सुरू झालेली आहे. शिवाय लहान आणि मोठ्या फ्रेमच्या माळा वेगळ्या. आकडा, अक्षर, मॉडेल आणि फ्रेम या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की संग्राहकांनी जुळवलेल्या तक्त्यांतून साल बऱ्यापैकी नेमकं निघतं. कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसनच्या बाबतीत पैसे भरून कारखान्याच्या नोंदींचं पत्र मागवता येतं. आयव्हर जॉन्सनच्या बाबतीत ती सोय नाही. त्यामुळे कोणी ‘फॅक्टरी लेटर’सकट विकतोय असं म्हणाला तर दोन पावलं मागे सरावं.

मुठीच्या तळाशी किंवा नळीवर दिसणाऱ्या तारखा पेटंटच्या असतात. ६ एप्रिल १८८६, १५ फेब्रुवारी १८८७, १० मे १८८७, २५ ऑगस्ट १८९६ अशी रांग अनेक नगांवर आहे. त्यातली पहिली वाचून ‘आमचं १८८६ चं आहे’ असं सांगणारे वारसदार जागोजागी भेटतात. १८८६ साली हे मॉडेल अस्तित्वातच नव्हतं. पेटंटची शेवटची तारीख एवढंच सांगते की नग त्याच्या आधीचा नाही.

कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, बहुतेकदा दोनपैकी एक. लहान फ्रेमवर .३२ स्मिथ अँड वेसन नावाचं काडतूस, पाच गोळ्या, नळी साधारण तीन इंच. मोठ्या फ्रेमवर .३८ स्मिथ अँड वेसन, पाच गोळ्या, नळी सव्वातीन इंच. .२२ चं सात गोळ्यांचं आणि .३२ लाँगचं सहा गोळ्यांचंही मिळतं. अनेक नगांवर कॅलिबर कोरलेलं नसतं, म्हणून गनस्मिथकडून सिलिंडरमधलं घर मोजून घ्यावं, काडतूस घालून ‘बसतंय का’ बघू नये. .३८ स्मिथ अँड वेसन आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत. .३२ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस काही सिलिंडरांत जाऊन बसतं आणि त्याचा दाब या पोलादाला झेपण्यापलीकडचा असतो. आजची काडतुसं धूरविरहित दारूची, म्हणून पहिल्या-दुसऱ्या मॉडेलात दुकानातलं आजचं कुठलंच काडतूस घालू नये. स्फोट होऊन हात जाईलच असं नाही. बहुधा आधी खिटी सैल होते, बिजागरी ताणली जाते, मग एके दिवशी नळी-फ्रेमची पकड सुटते. पण पोलादातली चीर डोळ्याला दिसत नाही, आणि ती कुठल्या गोळीला उघडेल हे कोणी सांगू शकत नाही.

या रिव्हॉल्व्हरमध्ये मन लावून पाहण्यासारखी गोष्ट एकच, पण ती अशी आहे की तिच्यासाठी हे जपून ठेवावं. त्या काळची बहुतेक स्वस्त रिव्हॉल्व्हर खिशातून पडली आणि हॅमरवर आपटली तर गोळी सुटायची, म्हणून शहाणी माणसं एक घर रिकामं ठेवत. आयव्हर जॉन्सनने फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी टाचणी, हॅमरवरून काढून फ्रेममध्ये बसवली आणि हॅमरचं तोंड असं घडवलं की ते फ्रेमवर टेकतं, पिनपर्यंत पोचतच नाही. मधली फट भरायला पोलादाची एक छोटी पट्टी आहे, आणि ती चापाला जोडलेली आहे. रिकामं हत्यार हातात धरून, अंगठा हॅमरवर ठेवून चाप अगदी सावकाश ओढला की फटीतून ही पट्टी वर सरकताना दिसते. चाप पूर्ण मागे असेल तेव्हाच ती पिनच्या मागे येते आणि हॅमरचा ठोका पुढे देते. चाप सोडला की पट्टी खाली, आणि हॅमर-पिनमध्ये पुन्हा मोकळी जागा. कंपनीने ‘हॅमर द हॅमर’ अशी जाहिरात केली, म्हणजे भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या हॅमरवर खुशाल हातोडी मारा. घरी हा प्रयोग कोणी करू नये, पण दावा खरा होता. आजच्या अनेक रिव्हॉल्व्हरमधली ट्रान्सफर बार हीच कल्पना आहे. हॅमर आत झाकलेलं ‘हॅमरलेस’ रूपही निघालं. त्याच्या चापाच्या तोंडावर बहुधा आणखी एक छोटी सुरक्षा-पट्टी असते.

ही सगळी हुशारी त्या काळच्या जाहिरातींत सहा डॉलरला मिळत होती, हॅमरलेस सात डॉलरला. पैसे वाचवले ते घडणावळीत नाही, फिनिशिंगमध्ये: आतले भाग घासून गुळगुळीत केलेले नाहीत, चाप जड आणि खरबरीत लागतो. त्याला दोष म्हणता येणार नाही, किंमतच तेवढी होती.

बिघाड ठरलेल्या जागी होतात. चापाची परत-स्प्रिंग, विशेषतः जुन्या मॉडेलातली चपटी, मधोमध तुटते. मग चाप ओढल्यावर परत पुढे येत नाही, लुळा पडतो. हॅमर व्यवस्थित पडतं पण पिनला ठोका लागत नाही, तेव्हा ट्रान्सफर बारचं, म्हणजे वर सांगितलेल्या पट्टीचं, टोक झिजलेलं किंवा तुटलेलं असतं. रिकाम्या घरांवर वारंवार चाप ओढण्याची मुलांची सवय याला कारण. त्यासाठीच वर अंगठा हॅमरवर ठेवायला सांगितलं. हॅमर पूर्ण मागे आल्यावर सिलिंडर घट्ट उभं राहत नसेल तर स्टॉप किंवा सिलिंडर फिरवणारा पंजा झिजलेला आहे. नळी बंद करून टोकाला धरून वर-खाली हलवावी. कट् कट् वाजली तर खिटी सैल, आडवी हलली तर बिजागरीचा स्क्रू. सुटे भाग मोडीतल्या रिव्हॉल्व्हरमधून काढलेले मिळतात, पण ते जसेच्या तसे बसत नाहीत, कानस लावून जुळवावे लागतात. गनस्मिथचा दोन तासांचा मोबदला या रिव्हॉल्व्हरच्या निम्म्या किमतीइतका सहज होतो. विकण्यासाठी दुरुस्ती करणं म्हणून तोट्याचं. स्वतःच्या समाधानासाठी करायची असेल तर जरूर करावी.

किमतीकडे येऊ. एनआरएच्या (अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या) जुन्या शस्त्रांच्या प्रतवारीत ‘एक्सलंट’साठी मूळ फिनिश ८० टक्क्यांहून जास्त लागतं, ‘फाइन’साठी ३० टक्क्यांहून जास्त. त्याखाली ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’, ‘पुअर’. वारशात आलेले बहुतेक नग ‘गुड’ ते ‘व्हेरी गुड’ यांच्यात बसतात: नळीच्या तोंडाजवळ आणि सिलिंडरवर मुलाम्याचे पोपडे, खाली तपकिरी गंज, मुठीला एखादा टवका. असा चालू स्थितीतला नग साधारण शंभर ते दोनशे डॉलरच्या घरात जातो. बिघडलेला पन्नासच्या आसपास, सुट्या भागांसाठी. ‘फाइन’च्या वरचा, स्वच्छ नळीचा नग दोनशेच्या पुढे जातो. मूळ पुठ्ठ्याचं खोकं सोबत असेल, मूठ खऱ्या शिंपल्याची असेल, नळी दोन किंवा सहा इंची असेल, किंवा पहिलं मॉडेल असेल, तरच आकडा डोळ्यांत भरण्याजोगा होतो.

मूळ फिनिश ओळखायची खूण चापाभोवतीच्या कड्यावर आहे. निकेलच्या नगांवरही कारखान्यातून हे कडं निळसर-काळं येत असे. बाकी अंगाबरोबर तेही चकचकीत निकेलचं असेल तर नग पुन्हा मुलामा दिलेला आहे. अशा वेळी नळीवरची अक्षरंही बोटाला धारदार लागत नाहीत, कडा विरघळल्यासारख्या असतात. पुन्हा मुलामा दिलेल्या नगाची किंमत संग्राहकाच्या लेखी निम्म्यावर येते, मग तो कितीही देखणा दिसो. म्हणून वारशात आलेलं रिव्हॉल्व्हर पॉलिश करायला कोणी सांगितलं तर ठाम नाही म्हणावं.

किंमत ठरवताना लिलावाच्या संकेतस्थळांवरचे मागितलेले आकडे बघू नयेत. आठशे डॉलर मागणारे तीन वर्षं मागतच असतात. ‘पूर्ण झालेले व्यवहार’ उघडून तेच मॉडेल, तेच कॅलिबर, तेवढंच फिनिश असलेले आठ-दहा नग बघावेत, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सोडून द्यावा. ओळख पाठवायची तर फोटो सात: दोन्ही बाजू, नळीवरची अक्षरं, मुठीचा तळ, खिटी जवळून, सिलिंडरच्या खाचा, आणि मूठ काढून आतली स्प्रिंग व अनुक्रमांक. दुपारच्या सावलीत काढावेत. फ्लॅशमध्ये निकेल पांढरं पडतं आणि पोपडे दिसत नाहीत.

भाव फुगवण्याचा एक प्रकार वेगळा सांगायला हवा. ६ सप्टेंबर १९०१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर लिऑन चोलगोशने झाडलेलं रिव्हॉल्व्हर .३२ चं सेफ्टी ऑटोमॅटिकच होतं, साडेचार डॉलरला घेतलेलं. ते बफेलोच्या इतिहास संग्रहालयात आहे. ‘मॅकिन्ली मॉडेल’ म्हणून कोणी वरचे पैसे मागत असेल तर ते कंपनीचं नाव नाही, विक्रेत्याचं आहे.

सगळीच घुबडवाली नसतात, हेही बघून घ्यावं. याच आकाराचं, मुठीवर गोळीने भेदलेलं लक्ष्य असलेलं हॅरिंग्टन अँड रिचर्डसन कंपनीचं असतं, मॅसॅच्युसेट्समधल्याच वुस्टरचं. चांगलं यंत्र, भाव जवळपास तेवढाच. मुठीवर ‘यूएस’ कोरलेलं यू.एस. रिव्हॉल्व्हर कंपनीचं म्हणजे आयव्हर जॉन्सनचाच स्वस्त माल, ट्रान्सफर बारशिवाय. ते भरून खिशात ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं आणि आजही कमी भावात जातं. सिलिंडरवर लंबवर्तुळात ‘ईएलजी’ अशी मोहोर दिसली तर ते बेल्जियमच्या लिएजमधलं, नळीवर नाव काहीही असो.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण चुकवू नये असा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ ठरतं. १८९९ पासूनचं नाही, मग ते शंभर वर्षांहून जुनं का असेना. ही रेघ दुसऱ्या मॉडेलच्या बरोबर मधून जाते. म्हणून अनुक्रमांकाची एवढी कटकट. रेघेच्या अलीकडचा नग केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याशिवाय दुसऱ्या राज्यातल्या माणसाला पाठवता येतो, आणि त्यामुळे थोडा जास्त भावही खातो. पलीकडचा नग दुसऱ्या राज्यात विकायचा तर परवानाधारकामार्फतच. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेलं शस्त्र राज्याची सीमा ओलांडून आणायला केंद्रीय कायदा मुभा देतो, मात्र राहत्या राज्याचा कायदा आडवा येता कामा नये. न्यूयॉर्कसारख्या राज्यात काडतूस घेणारं जुनं पिस्तूलही परवान्याखाली येऊ शकतं. हत्यार गाडीत घालण्याआधी हे विचारून घ्यावं.

जपण्यासाठी फार काही लागत नाही. मऊ कापडावर हलकं तेल, नळीतून दोन-तीन तेलकट चिंध्या, बस. तांबं विरघळवणारे अमोनियाचे द्रव निकेलवर लावू नयेत. मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर चिरेतून आत शिरून ते पोपडे मोठे करतात. जुन्या चामड्याच्या म्यानात कधीच ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं पोलाद खातात. म्यान वेगळं, रिव्हॉल्व्हर वेगळं. सोबत एका कागदावर आजोबांचं नाव, ते कुठे आणि कधी घेतलं याची घरात माहीत असलेली हकिगत, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून ठेवावा. आणि झाडायची हौस असेल तर वारशातल्या दुसऱ्या मॉडेलला त्रास न देता दीडशे-दोनशे डॉलरला घट्ट खिटीचं तिसरं मॉडेल वेगळं घ्यावं, गनस्मिथकडून तपासून, आणि त्यातही कारखान्याची साधी, हलकी काडतुसंच वापरावीत.